रणभूमीवरून आईस : विल्फ्रेड ओवेन

वरच्या वर्गांतून इंग्रजी कविता वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस विल्फ्रेड ओवेन हे नाव अगदीच अपरिचित नसेल. पहिल्या महायुद्धाचे खरे रूप काव्यात उतरविणारे जे थोडे इंग्रज कवी होऊन गेले, त्यांत त्याचे स्थान फार वरचे मानतात. त्याच्या काव्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्याच्या पत्रांच्या आधारे त्याचे चरित्र सांगणार आहोत. अवघे पंचवीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या ह्या मनुष्याची ६७३ पत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत आणि त्यांतील साडेपाचशेहून अधिक पत्रे एकाच व्यक्तीस लिहिलेली आहेत. ती व्यक्ती म्हणजे त्याची आई. पहिले पत्र १८९८ सालचे, म्हणजे बाळबोध अक्षरे नुकतीच गिरवू लागलेल्या मुलाचे आहे. शेवटचे ३१ ऑक्टोबर १९१८ चे, फ्रान्समधील एका धुराने कोंदलेल्या तळघरातून लिहिलेले आहे.

विल्फ्रेडचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात ऑस्वेस्ट्री गावाजवळ झाला. वडील टॉम ओवेन तारुण्यात काही वर्षे हिंदुस्थानात राहून परतले होते व पुढे रेल्वेत नोकरी करीत होते. आई सुझन ही मोठी धर्मनिष्ठ बाई. घर आजोबांचे होते. १८९७ साली आजोबा वारले आणि ते प्रशस्त घर विकावे लागले. तेथून पुढे बर्कनहेड, मग श्रूजबरी, अशी ह्या कुटुंबाची बिऱ्हाडे हलत राहिली. विल्फ्रेड, मेरी, हॅरल्ड आणि कॉलिन ही चार भावंडे. त्यांत थोरला विल्फ्रेड आईचा विशेष लाडका. तिला वाटे, हा धर्मोपदेशक व्हावा. लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तो १९११ साली उतरला, परंतु पुढील शिक्षणाचा खर्च घरास झेपणारा नव्हता. मग डन्सडन नावाच्या खेड्यातील पाद्र्याच्या हाताखाली सुमारे सव्वा वर्ष काम करून पाहिले, पण मन तेथे रमले नाही. १९१३ मध्ये तो फ्रान्सच्या बोर्दो शहरी जाऊन इंग्रजीची शिकवणी करू लागला. म्हणजे युद्धापूर्वी हा आमच्याच पेशातला, पोटासाठी परदेशी गेलेला एक गरीब शिक्षक होता, हे आम्ही थोड्या अभिमानाने नमूद करतो!

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. ओवेन काही लगेच धावला नाही. वर्षभर तो फ्रान्समध्येच शिकवण्या करीत राहिला आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाला. पुढच्या जूनमध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये त्यास सेकंड लेफ्टनंटची जागा मिळाली आणि १९१६ च्या डिसेंबरअखेर तो समुद्र ओलांडून फ्रान्सच्या रणभूमीवर निघाला.

त्या काळी रणभूमी व घर ह्यांमध्ये पत्रांची ये-जा केवढी होती, हे आज ऐकून खरे वाटणार नाही. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पत्रे निवडण्यासाठी पाच एकरांवर लाकडी इमारत उभारली होती. युद्धाच्या ऐन भरात आठवड्यास सुमारे १ कोटी २० लक्ष पत्रे व १० लक्ष पार्सले ब्रिटिश टपाल खात्याच्या हातून जात. घरून टाकलेले पत्र साधारणतः दोन दिवसांत खंदकात पोहोचे. मात्र पत्रावर पहारा कडक असे. शिपायांची पत्रे त्यांच्याच पलटणीचे अधिकारी वाचून पाहत. ठावठिकाणा, सैन्याची हालचाल असे काही त्यांत आढळले की तेवढा मजकूर खोडून टाकीत. ओवेनलाही हे काम करावे लागे. दुसऱ्यांच्या लेकरांनी आपापल्या आयांस लिहिलेली शेकडो पत्रे वाचायची आणि मग स्वतःचे पत्र लिहावयास बसायचे, असा त्याचा क्रम होता.

ह्याशिवाय सैन्यात एक छापील पोस्टकार्ड मिळे. मी बरा आहे, मी इस्पितळात आहे, मला पिछाडीच्या तळावर पाठविण्यात येत आहे, तुमचे पत्र पोहोचले, अशा अर्थाची वाक्ये त्यावर अगोदरच छापलेली असत. लागू नसतील ती वाक्ये शिपायाने खोडायची, खाली सही व तारीख घालायची, बस. एक शब्द जरी हाताने अधिक लिहिला तरी ते कार्ड फाडून टाकले जाई. आमच्याकडे जुन्या पत्रांतून येथील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवीत जावी असे आरंभीच लिहिण्याची रीत होती. तसलीच ही खुशाली, फरक इतकाच की ती सरकारने छापून दिलेली. परंतु ओवेनने ह्या कार्डातूनही वाट काढली. तळावर पाठविण्यात येत असल्याचे वाक्य एका रेघेऐवजी दोन रेघांनी खोडलेले दिसले, तर मुलगा प्रत्यक्ष आघाडीवर आहे असे समजावे, हा संकेत त्याने आईशी ठरवून ठेवला होता. पत्रांसाठी दुसरी खूण होती. मिसलटो हे नाताळात घरोघर टांगतात त्या वनस्पतीचे नाव पत्रात कोठे आले, की पुढच्या ओळींतील शब्दांची ठरावीक अक्षरे जुळवायची. त्यांतून तो कोठे आहे त्या गावाचे नाव निघे. श्रूजबरीच्या घरी आई ते पत्र पुढ्यात घेऊन अक्षरे जुळवीत बसलेली असेल, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या गोव्यात तारवटी, म्हणजे आगबोटींवर नोकरी करणारे खलाशी, गावोगाव आहेत. पूर्वी त्यांच्या घरी टपालवाला कोणते तिकीट घेऊन येतो ह्यावरून पोरेबाळे जगाचा भूगोल शिकत. परंतु युद्धावर गेलेल्याच्या घरी नकाशा पाहणे म्हणजे काय असेल, ते त्या घरांनाच ठाऊक! त्याच महायुद्धात आमच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कूट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या पूना डिव्हिजनमध्येही त्या होत्या. त्या काळच्या कित्येक हिंदी शिपायांस स्वतः लिहिता येत नसे. सोबत्याकडून नाहीतर लेखनिकाकडून पत्र लिहवून घ्यायचे आणि गावी ते कोणा जाणत्याने वाचून दाखवायचे, असा प्रकार. मायलेकरांच्या मध्ये परके दोन कान आणि परके दोन डोळे आलेच. ओवेन मायलेकरांचे त्या मानाने भाग्यच म्हणायचे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मुलगा मरणाच्या दाढेत उभा असता त्याने आईस खरे लिहावे, की तिची झोप उडू नये म्हणून गोड लिहावे? ह्या प्रश्नाचे उत्तर ओवेनने फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यावर तीन आठवड्यांच्या आतच देऊन टाकले. १९१७ च्या जानेवारीत सेर गावाच्या बाजूस, दोन्ही सैन्यांच्या मधल्या उजाड पट्टीतील एक भुयार राखण्याचे काम त्याच्यावर आले. पंचवीस माणसे त्या भुयारात दाटीवाटीने बसली होती. खाली पायांत पाणी, वर तोफांचा अखंड मारा. सुमारे पन्नास तास हे चालले. पायऱ्यांवर उभा असलेला त्याचा एक पहारेकरी स्फोटाने खाली फेकला गेला आणि त्याची दृष्टी गेली. सुटका झाल्यावर १६ जानेवारीस ओवेनने आईस पत्र लिहिले. गेल्या चार दिवसांविषयी तुझी फसवणूक करण्याचे काही कारण मला दिसत नाही, अशा आशयाने आरंभ करून त्याने सारे सांगितले. पाणी गुडघ्यांवर चढत असता आपणच त्यात बुडून जावे असे मनात येऊन गेले, हेही त्याने लपविले नाही. फेब्रुवारीच्या पत्रात बर्फात उघड्यावर पडून राहिलेल्या आपल्या पलटणीची आणि थंडीने गारठून मेलेल्या एका शिपायाची हकीकत आहे.

असे पत्र आईस लिहावे काय? हा निर्दयपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. त्या वेळी इंग्लंडातील वर्तमानपत्रांतून युद्धाची वर्णने मोठी उत्साहाची व शोभिवंत येत. घरोघरच्या आया तीच वाचीत. आपली आई त्या शोभेवर विश्वास ठेवून बसावी, हे ओवेनला सहन झाले नसावे. जिला लहानपणापासून सारे सांगितले, तिच्याशीच आता खोटे बोलावयाचे, तर पत्र लिहिण्यात अर्थ तो काय राहिला? आणि सुझननेही ते सोसले. तिने पत्रे फाडली नाहीत की दडपली नाहीत, जपून ठेवली. ह्या एका गोष्टीवरून त्या बाईची योग्यता कळते.

मार्चमध्ये ओवेन अंधारात एका तळघरात पडला आणि डोक्यास मार लागला. एप्रिलमध्ये साव्ही येथे बारा दिवस त्यास तोंड धुता आले नाही, पायांतले बूट काढता आले नाहीत, गाढ झोप मिळाली नाही. एक तोफगोळा अगदी उशाजवळ फुटून तो उडविला गेला आणि पुढचे काही दिवस एका मृत सहकाऱ्याच्या अवशेषांशेजारी पडून राहावे लागले. शरीरावर जखम नव्हती, पण हात कापत, बोलणे अडखळे. तरी आईस पत्र गेलेच. आपले मन खचले आहे असे समजू नकोस, खचू नये म्हणूनच ही विश्रांती आहे, असे त्याने तिला समजावले. खरे सांगण्याचे व्रत घेतलेल्या मुलाने येथे थोडी हातचलाखी केली खरी. पण ती आम्हांस फार गोड वाटते.

जून १९१७ मध्ये त्यास एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी इस्पितळात आणले. मनावर आघात झालेल्या अधिकाऱ्यांसाठी ते इस्पितळ होते. तेथे डॉक्टर ब्रॉक ह्यांनी त्यास कामात गुंतविले. इस्पितळाचे एक मासिक होते, त्याचे संपादन तो करू लागला. (मासिकांचे संपादन हे मनाच्या दुखण्यावर औषध आहे, हे आमच्या संपादक मंडळाने ध्यानात घ्यावे!) तेथेच ऑगस्टमध्ये सीगफ्रीड ससून ह्या कवीची भेट झाली. ससून वयाने मोठा, नावाजलेला, आणि युद्धाविरुद्ध उघड निषेध करून आलेला. त्याच्या सहवासात ओवेनच्या काव्यास कंठ फुटला. आज ज्या कवितांमुळे तो अमर मानला जातो, त्या बहुतेक सर्व ह्यापुढील वर्षाभरात लिहिल्या गेल्या. विषारी वायूने तडफडत मरणाऱ्या शिपायाची सुप्रसिद्ध कविता ऑक्टोबर १९१७ मध्ये तयार झाली, तेव्हा तिचा खर्डा त्याने कोणाकडे धाडला? आईकडे. देशासाठी येणाऱ्या मरणाचे गोडवे गाणारे एक प्राचीन लॅटिन वचन त्या काळी शाळाशाळांतून पढविले जाई. ते वचन खोटे आहे असे सांगणारी कविता एका धर्मभीरू, राजनिष्ठ आईच्या हाती प्रथम पडली, हे विसरून चालणार नाही.

बरा झाल्यावर त्यास मायदेशीच राहता आले असते. पण तो पुन्हा जाण्यास निघाला. १९१७ च्या अखेरच्या दिवशी आईस लिहिलेल्या पत्रात ह्याचे कारण सापडते. वर्षापूर्वी फ्रान्समधील छावणीत शिपायांच्या चेहऱ्यांवर पाहिलेला एक भाव त्यास विसरता येत नव्हता. ती भीती नव्हती, निराशाही नव्हती. मेलेल्या सशाच्या डोळ्यांसारखे काहीतरी निर्विकार होते ते. ते कोणी चितारू शकणार नाही, आपल्यालाच परत त्यांच्यात गेले पाहिजे, असे त्यास वाटत होते. निघण्यापूर्वी त्याने आईजवळ कागदांनी भरलेले एक पोते दिले आणि न वाचता जाळावयास सांगितले. तिने न वाचता ते जाळले. मनात येते, त्यात काय काय असेल! पण मुलाच्या शब्दापुढे तिने मोह धरला नाही.

ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस तो दुसऱ्यांदा फ्रान्सला गेला. ऑक्टोबरच्या आरंभी झॉंकूर येथे त्याने अतुल पराक्रम केला व त्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस हे पदक जाहीर झाले. सरकारी प्रशस्तिपत्र म्हणते की, त्याने शत्रूची मशीनगन हस्तगत करून तिच्या माऱ्याने शत्रूची मोठी हानी केली. आईस लिहिलेले पत्र मात्र निराळे आहे. त्यात आपण पिस्तुलाने एकाच मनुष्यास मारले, बाकीच्यांस हसत हसत कैद केले, असे तो म्हणतो. आपल्या तरुण शिपाई-नोकराचे रक्त अजून आपल्या खांद्यावर ओले आहे, हेही त्याच पत्रात लिहितो. आपल्या माणसाचे रक्त आईपासून लपविले नाही. शत्रूचे मात्र थोडे लपविले असावे. ह्याहून अधिक तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपण येथे का आलो, तेही तो ह्याच सुमारास आईला सांगतो: ह्या पोरांना साहाय्य करण्यासाठी, एक अधिकारी म्हणून त्यांच्या पुढे चालून, आणि त्यांची दुःखे जवळून पाहून, म्हणजे त्यांच्या वतीने बोलता यावे म्हणून.

शेवटचे पत्र ओर्स गावाजवळच्या एका वनरक्षकाच्या घराच्या तळघरातून ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लिहिलेले आहे. ओल्या लाकडांचा धूर इतका, की जवळची मेणबत्ती धड दिसत नाही. गर्दी इतकी, की धक्क्यांमुळे हात हलतो. डाव्या हातास कंपनीचा प्रमुख बाकावर झोपला आहे, एक जुना शिपाई बटाटे सोलून भांड्यात टाकतो आहे व त्याचे पाणी लिहिणाऱ्याच्या हातावर उडते आहे, कोणी लाकडे फोडतो आहे, कोणी हसतो आहे. येथे काही धोका नाही, आणि असलाच तर हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तो टळून गेलेला असेल, असे तो आईस लिहितो. येथे माझ्याभोवती आहेत त्यांहून चांगले सोबती तुझ्या भेटीस कधी येणार नाहीत, असा त्याचा समारोप आहे. पहिल्या जानेवारीतही भुयारच होते आणि ह्या वेळीही जमिनीखालचेच घर. परंतु ह्या पत्रात तक्रार म्हणून नाही.

४ नोव्हेंबरच्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, सांब्र नदीच्या कालव्यावर हल्ला सुरू झाला. कालवा सुमारे सत्तर फूट रुंद. पलीकडून मशीनगनचा भडिमार. तरता पूल जोडण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या माणसांस ओवेन धीर देत होता, फळ्या आणण्यास हात लावीत होता. तेथेच, पाण्याच्या काठाशी, गोळी लागून तो पडला. लेफ्टनंटच्या पदावरील त्याची बढती दुसऱ्या दिवशीच्या गॅझेटात प्रसिद्ध झाली.

एका आठवड्याने, ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. श्रूजबरीत देवळांच्या घंटा वाजत होत्या आणि त्या वाजत असतानाच, दुपारच्या सुमारास, ओवेनच्या घरी तार आली. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तारवाला दारात दिसताच घरातील बायकांच्या पोटात का गोळा येई, हे आजच्या मुलांस त्यांच्या आजीकडूनच ऐकावे लागेल.

धाकटा भाऊ हॅरल्ड त्या वेळी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका युद्धनौकेवर होता. पुढे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपल्या खोलीत शिरताच विल्फ्रेड खाकी गणवेशात खुर्चीवर बसलेला दिसला, हसला, आणि क्षणात नाहीसा झाला. तेव्हाच आपण ओळखले. ह्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ह्याच हॅरल्डने १९६७ साली भावाची पत्रे प्रसिद्ध केली, पण त्यांतील कित्येक ओळींवर शाई फिरवून. लष्कराच्या नजरेतून सुटलेली वाक्ये घरच्या माणसाच्या हातून सुटली नाहीत! उरलेला हा ठेवा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

ओवेनच्या हयातीत त्याच्या जेमतेम पाच कविता छापल्या गेल्या होत्या. त्याचा पहिला संग्रह ससूनच्या प्रस्तावनेसह डिसेंबर १९२० मध्ये निघाला. ओर्सच्या स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर त्याच्याच एका कवितेचे शब्द कोरलेले आहेत. मृत्यू कधी काळी नाहीसा होईल काय, असा प्रश्न त्या कवितेत होता आणि कवितेतील उत्तर निराशेचे होते. दगडावर मात्र प्रश्नचिन्ह गळून, मृत्यू नाहीसा होईल असे आश्वासन उरले आहे. काव्याच्या दृष्टीने हा अन्याय आहे, असे टीकाकार म्हणतात. असेल.

त्याच वर्षी, म्हणजे १९२० च्या ऑगस्टमध्ये, सुझनने आणखी एक पत्र लिहिले, ते हिंदुस्थानच्या कवीस, रवींद्रनाथ ठाकुरांस. दोन वर्षांपूर्वी आपला थोरला मुलगा युद्धावर अखेरचा निघाला तेव्हा आम्ही दोघे समुद्रकाठी उभी राहून फ्रान्सच्या दिशेने पाहत होतो, ऊन पाण्यावर चमकत होते, आणि त्याने निरोप घेताना गीतांजलीतील निरोपाचे शब्द म्हटले, असे तिने कळविले. मागाहून त्याची टिपणवही घरी आली, तेव्हा तेच शब्द त्याच्या लाडक्या अक्षरात लिहिलेले व खाली रवींद्रनाथांचे नाव घातलेले तिला आढळले. ते संपूर्ण गीत कोणत्या पुस्तकात मिळेल, एवढे कळविण्याची कृपा करावी, अशी तिची विनंती होती.